चौदाव्या वचनाच्या अलीकडे-पलीकडे

श्रीरामपूर,
५ मे १९७४

ती. अक्कास,
प्रभूच्या नावात शांतवनचा सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी तू ‘येरवडा’ एवढं ठळक लिहितेस की आमचा पोस्टमन दर खेपेस माझ्याकडे कळवळून बघतो. परवा त्यानं विचारलंच, की बहिणीची सुटका कधी व्हायची. मी त्याला सांगितलं की तुरुंग निराळा आणि आमची अक्का निराळी; शिस्त तेवढी दोन्हीकडे सारखी आहे.

डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख सोळा ठरली, बरं झालं. तुझी भावजय यायला तयार होती, पण तू कुणाला येऊ देशील तर शपथ. निदान शेजारच्या सरोजिनीबाई येऊन-जाऊन असतील म्हणतेस, त्यानं आमचा जीव जरा थाऱ्यावर आहे.

आता मुद्द्याचं लिहितो. एकवीस वर्षांत मी तुला लिहिलेल्या एकाही पत्रात निर्मलाचं नाव नाही. तिनं हिंदुरावांशी लग्न केलं त्या दिवसापासून तुझ्या घरात आपल्या धाकट्या बहिणीचं नाव बंद झालं, आणि मीही भित्र्यासारखा गप्प बसलो. तिची मुलगी हेमा यंदा अकरावीला बसली आहे. मास्तर म्हणतात, पहिल्या वर्गात येणार. तिला पुण्याला रसायनशास्त्र शिकायचं आहे. वसतिगृहात चौकशी केली, तर तिथे आधीच नावांची रांग. आणि हिंदुराव म्हणतात की परक्याच्या खोलीवर पोरीला ठेवणार नाही; घरचं माणूस असेल तर पाठवीन, नाहीतर फलटणलाच राहील. फलटणला राहिली म्हणजे काय होईल ते तुला सांगायला नको. वर्षभरात स्थळं बघायला लागतील.

तुझ्याकडे दोन खोल्या आहेत. पोर गुणी आहे. निर्मलानं मला हे लिहायला सांगितलेलं नाही, तिला ठाऊकही नाही. वीस जूनच्या आत होय किंवा नाही कळव.

चर्चच्या मंडळीत सर्व क्षेम. भैरूबाबांचा गुडघा तसाच. तुझ्या शिव्यांसकट लोभ हवा.

तुझा,
शांतवन


(पोस्टकार्ड)

येरवडा, पुणे ६
९ मे १९७४

चि. शांतवनास, अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर: २ करिंथ, अध्याय ६, वचनं १४ ते १७. हेच उत्तर मी १९५३ साली दिलं होतं. शास्त्र बदललेलं नाही, मीही नाही.

पोस्टमनला सलाम सांग आणि म्हणावं, जन्मठेप आहे. भावजयीला म्हणावं, कैरीचं लोणचं बरणीत दाबून भरलं नाहीस तर बुरशी येईल. कार्डावरची जागा संपली.

तुझी अक्का


श्रीरामपूर,
१४ मे १९७४

ती. अक्कास,
सप्रेम सलाम.

कार्ड मिळालं. आकडे बघून आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं. त्या वर्षीचं कार्डही मीच पेटीत टाकलं होतं, आठवतं? मी सुटीवर आलो होतो. वर निर्मलाचा पत्ता आणि खाली एवढेच आकडे. सलाम नाही, आशीर्वाद नाही, नावसुद्धा नाही. विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड होऊ नका, त्यांच्यातून निघा, वेगळे व्हा, हे तिनं बायबलात ते आकडे काढून वाचलं असणार. तिचं उत्तर आलं नाही, आणि तू म्हणालीस की उत्तर द्यायला तोंड कुठे आहे.

अक्का, ते वचन खोटं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. आमच्या मंडळीतल्या तरुणांना लग्नाआधी मीच ते वाचून दाखवतो. पण पाठांतराचं पहिलं बक्षीस तू घेतलंस तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, त्यामुळे तुझ्यापुढे वचनाला वचन लावून भांडायची माझी प्राज्ञा नाही. मला एवढंच वाटतं की त्या वचनाचा आपण काहीतरी चुकीचा उपयोग केला. काय चुकलं ते मला नीट सांगता येत नाही. अठरा वर्षं पाळक असून सांगता येत नाही, हे फक्त तुला लिहितो आहे. मंडळीत बोलू नकोस.

ऑपरेशनसाठी आम्ही सगळे प्रार्थना करतो आहोत. वीस जून विसरू नकोस.

तुझा,
शांतवन


येरवडा, पुणे ६
२८ मे १९७४

चि. शांतवनास, अनेक आशीर्वाद.

अक्षर परकं बघून घाबरू नकोस. मी जिवंत आहे. उजव्या डोळ्यावर पट्टी आहे, डाव्यानं तसंही धुकंच दिसतं. डॉक्टरांनी सहा आठवडे वाचायचं नाही, लिहायचं नाही, वाकायचं नाही आणि चिडायचं नाही असं सांगितलं आहे. पहिली तीन पाळते. हे पत्र मी सांगते आणि सरोजिनीबाई लिहितात.

(लेखनिकेची टीप: चौथं त्या पाळत नाहीत हे मी शपथेवर लिहून देईन. सौम्य शब्दांत सांगायचं तर डॉक्टरच आता घाबरून आहेत. — स. लि.)

या बाईंबद्दल तुला मागे लिहिलंच होतं. सदाशिव पेठेत जन्म, मुलानं इकडे घर घेतलं म्हणून नाइलाजानं येरवड्याला आल्या. नदी ओलांडली की पुणं संपतं असं त्यांचं ठाम मत, त्यामुळे भाजी आणायला गेल्या तरी ‘पुण्यात जाऊन येते’ असं सांगतात. टपालखात्यात अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, तीही ज्या पत्रांचा पत्ता लागत नाही अशा पत्रांच्या विभागात. तिथे पाकीट फोडायचं, पण पत्त्याचा माग लागेल एवढंच वाचायचं, पुढची ओळ वाचायची नाही असा कडक नियम. अठ्ठावीस वर्षं या बाईंनी हजारो पत्रांच्या दोन-दोन ओळी वाचल्या आणि पुढे काय झालं ते कधी कळलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण आता जे झालं ते यामुळेच झालं.

माझं रोजचं शास्त्रवाचन तुला ठाऊक आहे. चाळीस वचनांची यादी, रोज क्रमानं पाच. पट्टीमुळे ते अडलं, तेव्हा सरोजिनीबाई म्हणाल्या की मी वाचून दाखवते. पहिल्या दिवशी त्यांनी पाच वचनं पाच ठिकाणची काढून वाचली. दुसऱ्या दिवशी वाचली. तिसऱ्या दिवशी चष्मा काढून त्यांनी विचारलं की ही सगळी कुठली वाक्यं आहेत. मी म्हटलं, यातली बरीचशी पत्रांतली आहेत. प्रेषित पौलानं मंडळ्यांना लिहिलेली पत्रं. झालं! बाई उठून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या की नोकरीभर मी पत्रांच्या दोन ओळी वाचल्या ते सरकारचा हुकूम म्हणून, आणि तुम्ही साठ वर्षांच्या होईपर्यंत कुणाच्या हुकमानं वाचताय? यापुढे वाचीन तर ‘कळावे’पर्यंत वाचीन, नाहीतर माझ्या घरी स्वयंपाक पडला आहे. 

मला राग आला. मला शिकवणाऱ्या या कोण? पण डोळा बांधलेला माणूस किती भांडणार? कुठलं पत्र घ्यायचं म्हणून त्यांनी ग्रंथ उघडला, तर खूण होतीच, तुला लिहिलं होतं त्या ठिकाणी, करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात. मी म्हटलं, सहावा अध्याय. त्या म्हणाल्या, मायन्यापासून.

रोज दुपारी एक अध्याय. तीन झाले. दुसऱ्या अध्यायात एक मजकूर आला. कुणीतरी पौलाला दुखवलं होतं, मंडळीनं त्या माणसाला शिक्षा केली होती, आणि पौल लिहितो की आता पुरे, त्याला क्षमा करा, त्याचं सांत्वन करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. हे मी पूर्वी वाचलं नव्हतं असं नाही. पण माझ्या यादीत नव्हतं, त्यामुळे वाचून पुढे गेले होते. सरोजिनीबाईंनी विचारलं की मग त्या माणसाला परत घेतलं का. मला सांगता आलं नाही. तो कोण होता, काय केलं होतं त्यानं, तुला ठाऊक आहे का?

निर्मलाच्या पोरीचं म्हणशील तर माझं उत्तर तेच आहे.

तुझी अक्का

(लेखनिकेची टीप: पाळकसाहेब, पत्रात पुढे काय आहे ते कृपा करून कळवू नये. अठ्ठावीस वर्षांनी मला पहिल्यांदा एक पत्र पुरतं वाचायला मिळतंय. आपली, सरोजिनी लिमये)


श्रीरामपूर,
२ जून १९७४

ती. अक्कास सप्रेम सलाम, आणि सौ. नव्हे, श्रीमती नव्हे, नुसत्या माननीय सरोजिनीबाईंना कोपरापासून नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्या माणसानं नेमकं काय केलं होतं हे पंडितांनाही खात्रीनं सांगता येत नाही. म्हणजे अक्का, ‘क्षमा करा’ एवढं उरलं आणि अपराध पुसला गेला. हे माझ्या आज, तुला लिहितानाच ध्यानात आलं.

एक कबुली देतो. ते पत्र मीही एका बैठकीत कधी वाचलेलं नव्हतं. उपदेशासाठी एक वचन घ्यायचं, त्यावर अर्धा तास बोलायचं, पुढच्या रविवारी दुसरं. मला लाज वाटली. म्हणून आज उपासनेत मी उपदेश केलाच नाही. उभा राहिलो आणि सांगितलं की आपल्याला एक पत्र आलं आहे, ते वाचतो. पहिल्या शब्दापासून शेवटच्या सलामापर्यंत तेरा अध्याय वाचले. मागच्या बाकांवर थोडी चुळबुळ झाली, दोन बाळं रडली, पण उठून कुणी गेलं नाही. भैरूबाबा वीस वर्षं आपल्या गुडघ्याला पौलाच्या अंगातला काटा म्हणतात. त्यांना आज कळलं की काट्याच्या आधी पौलाला स्वर्गाचं दर्शन झालं होतं. उपासना संपल्यावर मला गाठून म्हणाले की काटा मिळाला, पण दर्शन राहिलं, त्याचं काय ते बघा.

वाचता वाचता मला पौल पहिल्यांदा दिसला. हा माणूस कडक पत्र लिहून पाठवतो आणि लिहिताना रडतो. मग उत्तराची वाट बघत या गावाहून त्या गावाला जातो आणि त्याला चैन पडत नाही. मी इतकी वर्षं याला न्यायाधीश समजत होतो. पुढचं मी लिहीत नाही, सरोजिनीबाईंची सक्त ताकीद आहे.

निर्मलाबद्दल मात्र लिहितो, ताकीद असली तरी. मी तिच्याकडे वर्षातून एकदा जातो हे तुला कधी सांगितलं नाही. रविवारच्या प्रार्थनेची जागा तिच्या घरापासून दोन मैलांवर आहे. हिंदुराव तिला सायकलवर घेऊन जातात. स्वतः आत येत नाहीत, बाहेर लिंबाखाली वर्तमानपत्र वाचत बसतात आणि प्रार्थना संपली की परत आणतात. लग्न झाल्यापासून एक रविवार चुकलेला नाही. त्यांनी विश्वास धरला नाही, आणि तिचा सुटू दिला नाही. याचं काय करायचं ते मला समजत नाही, फक्त तुला कळावं म्हणून लिहिलं.

आज दोन तारीख. अठरा दिवस राहिले.

तुझा,
शांतवन


येरवडा, पुणे ६
९ जून १९७४

चि. शांतवनास, अनेक आशीर्वाद.

पत्र लांबणार आहे. सरोजिनीबाईंना मी सांगितलं की काही मजकूर तुम्हाला अवघड वाटेल, तर त्या म्हणाल्या की लेखनिकाला भावना नसतात, सांगा.

(लेखनिकेची टीप: असं म्हटलं होतं खरं.)

एकतीस तारखेला, शुक्रवारी, सहावा अध्याय आला. सकाळपासून मी खुशीत होते, खोटं कशाला बोलू. म्हटलं, आता या बाईंना कळेल मी कशावर उभी आहे. त्यांनी वाचायला सुरुवात केली, स्वच्छ आणि खणखणीत, टपालखात्यात नावं पुकारावीत तशी. चौदावं वचन आलं. विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड होऊ नका. त्या थांबल्या. पुढचं मनाशी वाचलं, सतराव्यापर्यंत. मग अगदी सरळ आवाजात त्यांनी मला विचारलं की हे विश्वास न ठेवणारे म्हणजे मी का.

शांतवन, मी हे वचन किती वेळा म्हटलं असेल! वर्गात, महिला मंडळात, मनाशी. पण ज्या माणसाबद्दल म्हटलं तो माणूस समोर बसून ते मला वाचून दाखवतो आहे असं कधी झालं नव्हतं. तीन आठवडे ही बाई माझं जेवण आणते, डोळ्यात थेंब घालते, केस विंचरते. मी होय म्हणू शकले नाही आणि नाही म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. त्यांनी ग्रंथ मिटला, स्वयंपाक पडलाय म्हणाल्या आणि गेल्या. त्या दिवशी थेंब घालायला त्यांची सून आली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला वाटलं, झालं. एक बहीण या वचनानं घालवली, आता शेजारीणही गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बरोबर दोनला त्या हजर. म्हणाल्या की मला राग आलाय आणि तो जाईल तेव्हा जाईल, पण पत्र अर्धं टाकून मी झोपू शकत नाही. नोकरीत कळलेली एक गोष्ट त्यांनी सांगितली. पत्रातलं एखादं वाक्य कुणाला उद्देशून आहे ते त्या वाक्यात कधीच सापडत नाही, वरच्या आणि खालच्या ओळीत सापडतं. आणि त्यांनी सहावा अध्याय पुन्हा वरपासून वाचला.

अकरावं, बारावं, तेरावं वचन ऐक. नाही, तू वाचलंच असशील. पौल म्हणतो, आमचं मन तुमच्यासाठी उघडं आहे, आमच्याकडे तुम्हाला भरपूर जागा आहे. कोंडलेले आहात ते तुम्ही स्वतःच्याच मनात. लेकरांना सांगावं तसं सांगतो, तुम्हीही मन मोठं करा. आणि त्याला लागून माझं चौदावं वचन. मग ते संपलं, सातवा अध्याय सुरू झाला, आणि दुसऱ्याच वचनात, आम्हाला तुमच्या मनात जागा द्या. माझ्या चार वचनांच्या अलीकडे मन मोठं करा आणि पलीकडे जागा द्या. मधलं मी पन्नास वर्षं पाठ म्हणत होते. 

वचन पुसलं गेलं असं मी म्हणत नाही. मूर्तींच्या मेजवान्यांत पुन्हा सामील होऊ पाहणाऱ्या मंडळीला त्यानं ते लिहिलं आणि ते खरंच आहे. पण ज्याला मन मोठं करता येतं त्यालाच ते लिहायचा अधिकार. त्यानं ते रडत लिहिलं. मी काय केलं ते तुला सांगते, कारण आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही. आई गेली तेव्हा निर्मला दोन वर्षांची होती. तिला मी वाढवली. मला स्थळं आली ती तिच्यासाठी परतवली. आणि ती एक दिवस येऊन म्हणाली की मी हिंदुरावांशी लग्न करते. नाव तरी काय, हिंदुराव! तिनं वचन मोडलं म्हणून मला राग आला नव्हता. ती मला न विचारता निघून गेली, याचा मला राग आला होता. तो राग दाखवायला लाज वाटली, म्हणून वचन पुढे केलं. देवाचं नाव घालून मी माझं दुखणं पाठवलं.

पत्र परवा संपलं. शेवटी पौल सगळ्यांना सलाम सांगतो. सरोजिनीबाईंनी ग्रंथ मिटला. मग म्हणाल्या की हे दुसरं पत्र, म्हणजे पहिलंही असणार, ते उद्यापासून घेऊ. 

आता तू निर्मलाला कळव की हेमाला पाठवावं. मी लिहू शकत नाही. एकवीस वर्षांनी कुठल्या तोंडानं लिहू? तिनं फाडून टाकलं तर?

तुझी अक्का

(लेखनिकेची टीप: पाळकसाहेब, आपण कळवू नये. हा निरोप मी लिहून दिला आहे, पण तो दुसऱ्यामार्फत जाऊ देणार नाही. पत्ता माहीत असून पत्र न पाठवणाऱ्यांनीच आमच्या खात्याला बदनाम केलं आहे. आणि भावना नसतात असं मी वर म्हटलं ते मागे घेते. शाईचा डाग पडलाय तो त्यामुळेच. — स. लि.)


येरवडा, पुणे ६
११ जून १९७४

चि. निर्मलास, अनेक आशीर्वाद.

डोळ्यावर पट्टी आहे, ओळी एकमेकींवर चढतील. शेजारच्या सरोजिनीबाईंनी लिहून द्यायला नकार दिला. त्या फक्त माझा हात कागदावर सरळ ठेवतात.

१९५३ साली मी तुला चार वचनं पाठवली. त्यांच्या आधीची आणि नंतरची पाठवली नाहीत, कारण ती मी मनावर घेतलीच नव्हती. ती आता पाठवते. २ करिंथ, अध्याय ६, वचनं ११ ते १३. अध्याय ७, वचन २.

हेमाला माझ्याकडे ठेव. तू ये. हिंदुरावांना घेऊन ये.

माझं चुकलं. मला तुझी फार आठवण येते.

अक्का


फलटण,
१७ जून १९७४

ती. अक्कास,
तुझ्या निर्मलाचा सलाम, आणि ह्यांचा नमस्कार.

आधी व्यवहाराचं लिहिते, म्हणजे पुढे रडायला मोकळी. हेमाला पहिला वर्ग मिळाला. ती तुझ्याकडे राहणार हे कळल्यापासून एका जागी बसत नाही. आम्ही तिघं पंचवीस तारखेला दुपारच्या एस.टी.नं येतो. तिला वांगं चालत नाही, पण तिचं ऐकू नकोस. सरोजिनीबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना नेसायला मी एक नऊवारी घेतली आहे, त्यांना आवडेल की नाही कोण जाणे, सदाशिव पेठेच्या आहेत असं शांतवनच्या पत्रात होतं.

मीही तुझीच बहीण, अक्का. एकवीस वर्षं मीही लिहिलं नाही. राग होता. पण आणखी एक कारण होतं, ते तुला सांगते.

तुझं ते कार्ड आलं तेव्हा लग्नाला पंधरा दिवस झाले होते. मी विहिरीवर गेले होते, कार्ड ह्यांच्या हाती पडलं. ह्यांना त्यातलं काय कळणार? करिंथ हे कुठलं तरी स्टेशन वाटलं आणि पुढचे आकडे गाडीची वेळ. वरचा शिक्का बघून, अक्का येताहेत म्हणून हे टोपी घालून, सायकल पुसून निघालेच होते. मी आले, कार्ड बघितलं आणि ह्यांना थांबवलं. मग मला सांगावं लागलं की हे आकडे म्हणजे काय. हे म्हणाले की मला ती जागा दाखव. मी ग्रंथ उघडून दिला. वचन कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं हे ह्यांना ठाऊक नाही, म्हणून ह्यांनी डावीकडचं पान वरपासून धरलं आणि उजवीकडचं खालपर्यंत वाचलं. बोट ठेवून, सावकाश. मन मोठं करा, ते वाचलं. विजोड होऊ नका, ते आमच्याबद्दलचंही वाचलं. जागा द्या, तेही वाचलं.

वाचून झाल्यावर मला म्हणाले की तुझ्या अक्कांनी पत्राचा मधलाच कागद पाठवलाय, वरचा आणि खालचा त्यांच्याकडेच राहिलाय. अर्ध्या पत्राला उत्तर देऊ नये. उरलेलं येईल, तेव्हा लिही.

मला पटलं नव्हतं. दोन-चार वर्षांनी मी वाट बघणं सोडलं. ह्यांनी सोडलं नाही. दर वर्षी नाताळात, पोस्टमन येऊन गेला की मला विचारायचे, आणि मी चिडायचे.

परवा दुपारी मी चुलीपाशी होते. ह्यांनी पाकिटावरचं वेडंवाकडं अक्षर बघितलं, ते फोडलं नाही. हात धुऊन आले, पाकीट माझ्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाले की घे, उरलेलं आलं.

त्याचं हे उत्तर.

तुझी,
निर्मला